मंगळवारी लूव्हर दाखवणाऱ्या सहल-संयोजकांना खुलं पत्र

संयोजक साहेब,



तुमचं नाव लिहीत नाही, तुमच्या कंपनीचंही नाही. पत्र कोणाला आहे ते तुम्हाला पुढच्याच ओळीत कळेल. पॅरिसचं लूव्हर संग्रहालय दर मंगळवारी बंद असतं. हे काही गुपित नाही. शाळेतलं पोरगंही मोबाइलवर मिनिटभरात शोधून देईल. तरी तुम्ही रंगीत माहितीपत्रिकेत पॅरिसच्या एकुलत्या एका पूर्ण दिवसाखाली लूव्हर छापलंत, तो दिवस मंगळवार ठेवलात आणि भातकुलीच्या आम्हा मैत्रिणींकडून त्याचे पैसे मोजून घेतलेत. बंद दार विकायला हिंमत लागते. ती तुमच्यात आहे, हे मी जाहीरपणे मान्य करते.

आम्ही कोण, हे तुम्ही शेवटपर्यंत जाणून घेतलं नाहीत. तुमच्या लेखी आम्ही मागच्या सीटवरच्या मावश्या. म्हणून सांगते. आम्ही सगळ्या भातकुलीच्या एकाच शाळेतल्या. एक शिलाईकाम करते, एकीनं सारी नोकरी अंगणवाडीत काढली, एकीचं घरचं किराणा दुकान आहे आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. आमचा मुलूख खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यात विहीर खणली तर खारं पाणी लागतं. ते ना पिकाला चालत, ना पोटाला. कापूस, तूर, सोयाबीन, सगळं पावसाच्या भरवशावर. अशा गावात परदेशी सहलीचे पैसे भिशीतून जमतात, वर्षानुवर्षं, महिन्याच्या महिन्याला. एकीनं शेवटच्या हप्त्यासाठी गळ्यातला गोफ मोडला. एप्रिल 2025 मध्ये अमरावतीच्या बेलोऱ्याचं विमानतळ सुरू झालं आणि डोक्यावरून जाणारं विमान बघून आम्ही ठरवलं की आता गुडघे साथ देतात तोवर जाऊन यायचं, पेरणीच्या आधी, पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात.

पॅरिसच का, असं घरोघरी विचारलं गेलं. प्रत्येकीचं उत्तर वेगळं होतं, आणि ती सगळी उत्तरं आम्ही तुमच्या कार्यालयात बसून तुम्हाला सांगितली. "हो मावशी, करू की," म्हणत तुम्ही ती वहीत लिहून घेतलीत. आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला, कारण तुम्ही आपल्याकडचे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांकडे न जाता अमरावतीच्या माणसाकडे गेलो.

माझं उत्तर एका चित्राचं होतं. झाँ-फ्राँस्वा मिले या चित्रकारानं 1857 साली काढलेलं, सरवा वेचणाऱ्या तीन बायांचं. पीक निघून गेलेल्या वावरात तिघी वाकल्या आहेत. एकीच्या डोक्याला निळा रुमाल, दुसरीच्या तांबडा. निळ्या रुमालवालीनं एक हात पाठीमागे घेतलाय आणि त्या हातात वेचलेल्या काड्या धरल्यात. दुसरा हात जमिनीवर. तिसरी अर्धवट वाकलेली, आता कंबर सरळ करावी की पुन्हा वाकावं अशा बेतात. मागे दूरवर गंजी, भरलेली गाडी आणि घोड्यावर बसलेला देखरेखीचा माणूस, म्हणजे पीक कोणाचं आणि सरवा कोणाचा ते न सांगता कळतं. पॅरिसच्या प्रदर्शनात ते पहिल्यांदा लागलं तेव्हा तिथल्या सुखवस्तू लोकांना ते सोसलं नव्हतं. 1848 ची क्रांती ताजी होती. गरीब बाया एवढ्या मोठ्या करून भिंतीवर लावल्याची त्यांना धास्ती वाटली. मी हे चित्र एका जुन्या कॅलेंडरमधून कापून वर्गात लावलं होतं. आमच्याकडे गहू-हरभरा सोंगून झाला की आजही बाया वावरात सरवा वेचायला जातात. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आया त्या चित्रातल्यासारख्या वाकलेल्या मी पाहिल्या आहेत. आमची अंगणवाडीवाली ते चित्र पाहून म्हणाली होती, "माय वं, हे तं आपल्याच वावरातलं होय. याले पाह्याले इतक्या दूर जा लागते काय?" आणि मग तीच सगळ्यात आधी तयार झाली.

ते चित्र लूव्हरमध्ये नाही, ओर्से संग्रहालयात आहे. 1900 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं ते रेल्वे स्थानक, 1986 पासून तिथे संग्रहालय. ओर्से सोमवारी बंद असतं, मंगळवारी उघडं. आता तुमच्या मंगळवारची सकाळ आठवा. तुम्ही आम्हाला लूव्हरच्या अंगणात, काचेच्या पिरॅमिडसमोर उतरवलंत. दार बंद. "मावशी, पटापट फोटो काढा, वीस मिनिटं आहेत." मी तुमच्याजवळ आले आणि म्हटलं, इथून त्युइलरीच्या बागेतून चालत गेलं, सेन नदीवरचा पादचारी पूल ओलांडला की ओर्से, आम्ही फक्त एक चित्र बघून येतो. पंधरा-वीस मिनिटांची वाट. मी नकाशा घडी घालून पर्समध्ये ठेवला होता, तो उघडून तुम्हाला दाखवला. तुम्ही नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाहीत. "ग्रुप सोडता येत नाही. वेळ नाही."

वेळ नाही. आणि तिथून बस कुठे गेली? अत्तराच्या दुकानात. तिथे आम्ही दीड तास होतो. सुरुवातीला दहा मिनिटं अत्तर कसं गाळतात याची माहिती, आणि मग दालनाच्या शेवटी काउंटर. प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात तिथली मुलगी आपल्या ग्रुपचा नंबर लिहीत होती. तो नंबर कशासाठी लिहितात हे किराणा दुकान चालवणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. ती माझ्या कानात म्हणाली, "बाई, आपल्याले इथं विकून राह्यला हा." कमिशन घेणं हा मी गुन्हा मानत नाही, धंदा आहे. पण माझ्या चित्राला वीस मिनिटं नव्हती आणि तुमच्या कमिशनला दीड तास होता, हा हिशेब मी विसरणार नाही. मी चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलेली बाई आहे. वेळ नसणं आणि वेळ न देणं यांतला फरक मला कळतो.

शिलाईवालीचं मागणं तर फुकटातलं होतं. मोंमार्त्रच्या टेकडीच्या पायथ्याशी मार्शे सँ-पिएर नावाचा कापडबाजार आहे. मजल्यावर मजले नुसते तागे. तिला तिथलं सुती कापड बोटांत धरून बघायचं होतं. जन्मभर अमरावतीच्या जवाहर गेटजवळच्या बाजारातून कापड आणून ब्लाउज शिवणारी, घरच्या वावरात कापूस वेचणारी बाई; तिला पॅरिसात दुसरं काहीही विकत नको होतं. टेकडी तुम्ही तिला बसच्या खिडकीतून दाखवलीत. "ते वर पांढरं दिसतं ना, ते चर्च." झालं मोंमार्त्र.

जेवणाबद्दल मला रागच आहे, आणि तो एका व्यक्तीसाठी आहे. आमची किराणावाली जैन आहे. भातकुलीच्या आदिनाथांच्या मंदिरामुळे आमच्या गावात लांबलांबून जैन यात्रेकरू येतात, त्यामुळे जैन पाळणूक म्हणजे काय हे आमच्या इथल्या कुठल्याही जातीच्या पोराला माहीत असतं: जमिनीखाली पिकणारं खायचं नाही, सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही. तुमच्या पत्रिकेत ठळक अक्षरांत छापलं होतं, जैन जेवणाची सोय. प्रत्यक्षात रोज संध्याकाळी शहराबाहेरच्या एकाच पद्धतीच्या भारतीय हॉटेलात तेच पनीर, तीच पिवळी डाळ, आणि जैन म्हणून वेगळ्या भांड्यात ठेवलेली बटाट्याची भाजी. बटाटा, साहेब! तिनं काही न बोलता ताट बाजूला सारलं आणि पिशवीतले खाकरे काढले. तुम्हाला ते दिसलं. तुम्ही मोबाइलमध्ये डोकं घातलंत.

वाईट याचं वाटतं की त्या शहरात तिला जेवू घालणं अगदी सोपं होतं. मेच्या अखेरीस पॅरिसात सूर्य साडेनऊनंतर मावळतो. म्हणजे आठ वाजता फुटपाथवरच्या कॅफेत बसून, उन्हात, निवांत जेवूनही तिचा नियम मोडला नसता. आपल्या घरी ती दिवाळीतसुद्धा आमच्याबरोबर रात्री बसू शकत नाही. सगळ्या मैत्रिणी एका टेबलाभोवती, संध्याकाळी आठला, तिच्यासह, हे भातकुलीत शक्य नाही आणि तिथे शक्य होतं. पाव-लोणी, चीज, फळं, साधं सॅलड, जे तिला चाललं असतं ते. कोपऱ्यावरच्या बेकरीत लांब पाव मिळतो, बाघेत. 2022 मध्ये युनेस्कोनं त्याच्या कारागिरीला वारसा म्हणून मान्यता दिली. तो गरम पाव हातानं मोडून खाण्याची आमची साधी हौस होती. तिथल्या कॅफेत एक कॉफी घेऊन तासभर बसलात तरी कोणी उठवत नाही. पण त्यातून तुम्हाला काय मिळणार होतं?

वेळ मागितला की तुमचं ठेवणीतलं उत्तर यायचं: ड्रायव्हरची वेळ संपते. तो नियम मला माहीत आहे. युरोपात ड्रायव्हरला साधारणपणे दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही आणि साडेचार तासांनंतर पाऊण तास विसावा द्यावाच लागतो. आपल्याकडच्या खाजगी बसच्या ड्रायव्हरांसाठी असा नियम पाळला गेला असता तर किती घरं वाचली असती. तो नियम चांगलाच आहे. पण ड्रायव्हरचे तास संपले ते दुकानांच्या चकरा मारण्यात आणि शार्ल द गोल विमानतळाच्याही पलीकडे असलेल्या तुमच्या स्वस्त हॉटेलात ये-जा करण्यात. आणि शहरात मेट्रो आहे. अडीच युरोच्या आसपास तिकीट, कुठूनही कुठेही. चौघीजणी अंबा एक्स्प्रेसच्या गर्दीत चढून मुंबई गाठणाऱ्या. आम्हाला मेट्रो झेपली नसती?

तुमच्या पत्रिकेच्या मुखपृष्ठावर रात्रीचा आयफेल टॉवर आहे, सोन्यासारखा लखलखणारा. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं त्याच्यावरचे वीस हजार दिवे चमकतात. मेच्या अखेरीस हा पहिला लखलखाट दहाच्या सुमारास होतो. तुम्ही आम्हाला दुपारी तिथे नेलंत, दुसऱ्या मजल्यावर चढवून खाली आणलंत आणि सातच्या आत जेवणाच्या हॉटेलात कोंबलंत. मुखपृष्ठावरचं चित्र तुमच्या कार्यक्रमात मुळात होतंच कुठे? 330 मीटरचा तो मनोरा 1889 पासून तिथे उभा आहे, तो पळून जाणार नव्हता. पळायची घाई तुम्हाला होती.

तिथून चालत जाण्याजोग्या अंतरावर आणखी एक गोष्ट होती आणि ती मी पुन्हा विचारली नाही, तुमचं तोंड बघून. शाँ-द-मार्सचं मैदान ओलांडलं की सैनिकी शाळेची जुनी इमारत, आणि तिच्या मागे युनेस्कोचं मुख्यालय. 11 जुलै 2025 ला पॅरिसमध्येच भरलेल्या बैठकीत शिवरायांच्या काळाची साक्ष देणारे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, रायगड, शिवनेरीपासून तमिळनाडूच्या जिंजीपर्यंत. मराठी माणसांची बस घेऊन तुम्ही तिथून जाता. मुलांना चौथीत शिवचरित्र शिकवलेल्या बाईला ती इमारत नुसती बाहेरून दाखवली असती तर तुमचं काय गेलं असतं? बाहेरून दाखवण्यात तर तुमचा हातखंडा.

आता पाण्याचं. हे मी मुद्दाम वेगळं लिहिते, कारण खारपाणपट्ट्यातल्या बाईला पाण्यावरून फसवलेलं सहन होत नाही. बसमध्ये तुम्ही दोन युरोला बाटली विकलीत. "इथलं नळाचं पाणी आपल्या पोटाला झेपत नाही, मावशी, उगाच रिस्क नको." खोटं. पॅरिसच्या नळाचं पाणी पिण्याचंच आहे आणि हॉटेलात जेवायला बसलात की साध्या पाण्याचा चंबू फुकट द्यावा लागतो, तसा तिथला कायदा आहे. रस्तोरस्ती हिरव्या रंगाचे ओतीव लोखंडाचे कारंजे आहेत, चार बायांनी डोक्यावर घुमट पेललेला आणि मधून पाण्याची बारीक धार. रिचर्ड वॉलेस नावाच्या इंग्रजानं 1872 मध्ये ते स्वतःच्या पैशानं बसवायला सुरुवात केली. वेढा आणि यादवीतून शहर नुकतं बाहेर पडलं होतं आणि गरिबाला पाणी विकत घेणं परवडत नव्हतं, म्हणून. ती पाणपोईच आहे, साहेब. आमच्याच तालुक्यात ऋणमोचनला पूर्णेच्या काठी गाडगेबाबांनी यात्रेकरूंसाठी घाट बांधला. येणाऱ्या अनोळखी माणसाची सोय बघणं हे आमच्या मातीत शिकवलेलं आहे. एका मोकळ्या क्षणी शिलाईवालीनं त्या कारंज्याखाली ओंजळ धरली, प्याली आणि आम्हाला ओरडून सांगितलं, "या वं, गोडं पाणी हाय!" साऱ्या सहलीत ती मोठ्यानं हसली ती तेव्हा. तुम्ही बसच्या दारातून हॉर्न वाजवायला लावलात.

शेवटचा हिशेब पैशाचा आहे. आमच्या अंगणवाडीवालीनं मोठ्या दुकानात सुनेसाठी पर्स घेतली. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या पाहुण्यानं एकाच दुकानातून शंभर युरोंच्या वर खरेदी केली की तिथल्या करातला बराच भाग परत मिळतो, साधारण बिलाच्या बारा टक्क्यांपर्यंत. दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्यायचा आणि युरोपीय संघाची हद्द सोडताना कस्टमकडून तो मंजूर करून घ्यायचा. तिनं फॉर्म घेतला होता, नीट प्लास्टिकच्या पिशवीत जपला होता. आपला परतीचा प्रवास झुरिकहून. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, म्हणजे फॉर्मची मंजुरी फ्रान्स सोडताना सीमेवरच घ्यायला हवी होती. तिनं तुम्हाला दोनदा आठवण केली. तुम्ही म्हणालात, एअरपोर्टवर होईल. बस सीमेवरून न थांबता निघाली आणि झुरिकच्या काउंटरवरच्या माणसानं मान हलवली. तुम्ही वर्षाला कित्येक बसगाड्या भरून लोक नेता. हा नियम तुम्हाला माहीत नव्हता हे मी मानत नाही. तुम्हाला पाच मिनिटं थांबायचं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, बाकी सगळे खूश होते, तुम्हीच का कुरकुर करता. खूश नव्हते. परतीच्या विमानात माझ्या शेजारचे अकोल्याचे काका सांगत होते की त्यांना पॅरिसचं फक्त बसच्या सीटवरचं कापड आठवतं. ते बोलले नाहीत, कारण घरी पोरांनी पैसे खर्चून पाठवलेलं. तक्रार केली तर पोरांना वाईट वाटेल. तुमचा धंदा आमच्या या गप्प बसण्यावर चालतो. सासरी, ऑफिसात, दवाखान्यात, बसमध्ये गप्प बसण्याची सवय लागलेल्या बायका तुम्हाला सोयीच्या पडतात. मी ती सवय निवृत्तीच्या दिवशीच शाळेत ठेवून आले.

चार मैत्रिणींनी आयुष्यात पहिल्यांदा घर, नवरा, सून, दुकान, वर्ग सगळं मागे ठेवून एकत्र दिवस काढायचे ठरवले होते. आम्हाला एकमेकींशी बोलायचं होतं. पुलावर उभं राहून, कुठल्यातरी दुकानात उगाच वस्तू उचलून ठेवून, पावाचा तुकडा वाटून घेत. तुम्ही आम्हाला सकाळी सहाला उठवून रात्री झोपायला सोडलंत. मधल्या वेळेत आम्ही बसमध्ये एकमेकींच्या पाठीमागे बसलो होतो. हे नुकसान कुठल्या पावतीवर लिहून आणू?

मला तुमच्याकडून माफी नको. तुमच्या पुढच्या माहितीपत्रिकेत ज्या दिवशी लूव्हर आहे तो वार छापा. जे फक्त बाहेरून दाखवता ते तसंच, बाकी अक्षरांएवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहा. ज्या दुकानांकडून पैसे घेता ती दुकानं प्रवाशांना आधी सांगा, आणि ज्याला तिथे जायचं नाही त्याला त्या वेळात मोकळं सोडा. जैन जेवणाची सोय करता येत नसेल तर तसं कबूल करा. लोक खाकरे जास्त बांधून नेतील. पाणी विकू नका.

आणि अंगणवाडीवालीच्या पर्सवरची करपरतावा रक्कम तिच्या हातात आणून द्या. तिला पेन्शन नाही. दुकानाचं बिल आणि न मंजूर झालेला फॉर्म, दोन्हीच्या झेरॉक्स या पत्रासोबत तुमच्या कार्यालयात स्पीड पोस्टानं पाठवल्या आहेत.

आपली,
भातकुलीची एक निवृत्त शिक्षिका